केले. गुण नाही.

"सर, ह्याचे पैसे नका देऊ. निस्तं घेऊन जा."

परभणीतल्या रद्दीवाल्याने आज पुस्तक काट्यावर ठेवलंच नाही. एरवी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारा माणूस! करणी-भानामती उतरवायचे मंत्र-तोडगे, कव्हर गायब, पानं हात लावताच तुटणारी.

जादूटोण्याची, भुताखेतांची जुनी पुस्तकं जमवतो मी. (बायको त्या कपाटाला मसणवटा म्हणते.) स्कॉटलंडच्या जेम्स राजाने 1597 मध्ये सैतान आणि चेटकिणींवर लिहिलेलं पुस्तकही आहे, नव्या छपाईतलं. त्याचे समास कोरे.

ह्याचे नाहीत. तापाच्या उताऱ्यापाशी शाईने लिहिलंय, "केले. गुण नाही." चार पानांनंतर, त्याच अक्षरात, "हेही केले."

पुढे काहीच नाही.

खरं तर हसायच्या तयारीनेच उघडलं होतं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यावर तावातावाने बोलणारा माणूस मी. पण आसपास दवाखाना नाही, मांडीवर तापाने फणफणलेलं कुणीतरी, अन् हातात फक्त हे पुस्तक... संध्याकाळपासून ते "हेही" डोक्यातून जात नाहीये.

तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत निघालंय का कधी असं काही?