स्पोर्ट मोड दाबला म्हणून शॉकअप टाइट होत नाहीत राजेहो

आमच्या कारंजा-दारव्हा पट्ट्यात आता दर चौथ्या घरासमोर एसयूव्ही उभी दिसते आणि तिच्यात एक मोडचं बटण असतंच. त्या बटणाबद्दल जेवढ्या गोष्टी पानठेल्यावर ऐकायला मिळतात तेवढ्या तर शोरूमवाला पण सांगत नाही. इकोत टाकली का अॅव्हरेज दुप्पट, स्पोर्टमध्ये इंजिनची पावर वाढते, आणि सगळ्यात जास्त चालणारी म्हणजे स्पोर्ट दाबला का शॉकअप कडक होतात. माझा चुलतभाऊ तर शपथेवर सांगतो. परवा गाडीत बसवून दाखवायला घेऊन गेला, "दादा, पाह्य आता, कशी चिपकून पयते रोडले." बटण दाबलं, मीटर लाल झाला, स्टिअरिंग जड झालं, गाडी पुढे उसळली. मी म्हटलं, अरे तुझ्या गाडीत शॉकअपपर्यंत वायरच गेलेली नाही, ते कडक होतील कसे? तर म्हणे, "मंग मले फरक काहून जाणवते?"

प्रश्न बरोबर आहे त्याचा. फरक जाणवतोच, पण तो येतो दुसरीकडून.

आता बहुतेक गाड्यांत अॅक्सिलरेटरच्या पायडलला केबल नसते. पाय किती दाबला ते सेन्सर वाचतो, कॉम्प्युटरला कळवतो आणि इंजिनला किती मोकळं सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. मोड बदलला की हा ठराव बदलतो. समजा तुम्ही पायडल एक तृतीयांश दाबलं, तर इकोमध्ये गाडी त्याला हळूच उत्तर देईल आणि स्पोर्टमध्ये तेवढ्याच पायाला अर्धं इंजिन मोकळं करेल. इंजिन तेच, हॉर्सपावर तेवढीच, फक्त लवकर हातात येते. काही गाड्या इकोमध्ये टॉर्कवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोरावर, वरून झाकण पण ठेवतात, इलेक्ट्रिकमध्ये तर हे जास्तच होतं, तिथे मात्र खरंच ताकद कमी मिळते. ऑटोमॅटिक असेल तर इकोत गिअर लवकर वर जातो, स्पोर्टमध्ये खालचा गिअर धरून ठेवतो. आणि स्टिअरिंगची मोटर स्पोर्टमध्ये मदत कमी करते म्हणून ते जड लागतं. जड स्टिअरिंग, तडक पिकअप, वर तो लाल मीटर, एवढं सगळं एकदम झालं की माणसाला वाटतं अख्खी गाडी घट्ट झाली.

नावं प्रत्येकाची वेगळी. नेक्सॉनमध्ये इको-सिटी-स्पोर्ट, डिझेल एक्सयूव्ही७०० मध्ये झिप-झॅप-झूम, इनोव्हा क्रिस्टामध्ये नुसते इको आणि पावर. आतलं काम थोड्याफार फरकाने हेच.

इकोबद्दल आपल्या भागापुरतं एक सांगतो. बऱ्याच गाड्यांत इको मोड एसीचा पण हात आखडतो, कॉम्प्रेसर कमी चालवतो. पुण्यात चालून जात असेल, पण मे महिन्यात यवतमाळहून दुपारी दोनला निघालात, बाहेर ४५ डिग्री, मागे म्हातारी माणसं, तेव्हा इकोत टाकून वाचवलेलं पेट्रोल कुठे जाणार आहे, त्यांच्या सलाईनला. उन्हाळ्यात दुपारी नॉर्मलच ठेवा सरळ.

आणि चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना इको नको. इकोत वरचा गिअर लागतो, काही गाड्या तर पाय उचलला की इंजिन सोडूनच देतात आणि गाडी नुसती घरंगळते, मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि अर्ध्या घाटात ब्रेकचा जळका वास सुटतो. उतारावर स्पोर्ट किंवा मॅन्युअल, खालचा गिअर, इंजिनलाच गाडी आवरू द्यायची. स्पोर्ट मोडचा हा उपयोग कोणी सांगत नाही, सगळ्यांना ओव्हरटेकच दिसतो.

आता शॉकअपकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे आणि आपल्या रस्त्यांशी तिचा थेट संबंध आहे.

गाडीचं वजन स्प्रिंग उचलते. शॉकअपचं काम वजन उचलणं नाहीच, स्प्रिंग एकदा दबली की वर-खाली करत बसते, तिला आवरायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक वाटा. तेल त्या वाटांतून जायला जेवढा त्रास तेवढा शॉकअप कडक.

आता आपला रस्ता बघा. खाली काळी माती. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात, दरवर्षी हेच. वरचं डांबर मग सपाट राहत नाही, त्याला लाटा येतात. खड्डा एकही दिसत नाही, रस्ता काळाकुळकुळीत, आणि ८० च्या स्पीडला गाडी बंगईसारखी झुलायला लागते, मागच्या सीटवरची पोरं उलट्या करतात. हे काहून होतं? गाडीची बॉडी स्प्रिंगवर स्वतःच्या लयीत सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झुलते. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. लाटा १८-२० मीटरवर असल्या तर रस्ता पण गाडीला सेकंदाला एकदा-सव्वादा ढकलतो, म्हणजे बरोबर तिच्याच लयीत, झुलत्या बंगईला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसा. अशा रस्त्यावर स्पीड ६० ला आणून बघा किंवा रस्ता मोकळा असेल तर थोडा वाढवून बघा, लय तुटते आणि गाडी शांत होते. याला मोडबिड काही लागत नाही.

या झुलण्याला कडक शॉकअप पाहिजे. पण त्याच रस्त्याला पुढे खडी उखडलेली असते, तिथे बॉडी हलत नाही, नुसतं चाक थडथडतं, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. तिथे शॉकअप कडक असला तर प्रत्येक खडा कमरेत लागतो, तिथे तो मऊच पाहिजे. म्हणजे एकाच किलोमीटरमध्ये कडक पण पाहिजे आणि मऊ पण. साध्या शॉकअपमध्ये कंपनी मधलं काहीतरी ठरवून देते आणि आपण दोन्हीकडे थोडं थोडं सोसतो. अॅडॅप्टिव्ह सस्पेन्शनचा, म्हणजे रस्ता पाहून कडक-मऊ होणाऱ्या शॉकअपचा, जन्म या भांडणातून झाला आहे, रेसिंगची हौस नंतरची.

यात दोन रस्ते आहेत. एक स्वस्तातला. एक्सयूव्ही७०० आणि स्कॉर्पिओ-एन मध्ये शॉकअपच्या आतच जास्तीचा व्हॉल्व्ह दिला आहे, चाक भराभर थडथडलं तर तेलाला जादा वाट मोकळी राहते, बॉडी हळू आणि लांब झुलली तर ती वाट बंद होते आणि शॉकअप कडक होतो. वायर नाही, सेन्सर नाही, बटण तर नाहीच. मोड कोणताही टाका, त्याला घेणं देणं नाही. मला विचाराल तर गावाकडच्या गाडीला हीच चीज शोभते, कारण बिघडायला त्यात कमी आहे.

दुसरा रस्ता खऱ्या इलेक्ट्रॉनिकचा. बॉडीवर आणि चाकाजवळ सेन्सर, स्टिअरिंग किती वळलं, ब्रेक किती दाबला हे सगळं कॉम्प्युटर वाचतो आणि शॉकअपच्या व्हॉल्व्हला करंट देऊन वाट बारीक-मोठी करतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत कित्येकदा. २०२२ च्या स्कोडा कोडियाकमध्ये हे आलं, महिंद्राच्या इलेक्ट्रिक बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई च्या वरच्या मॉडेलमध्ये पण आहे. याच इलेक्ट्रॉनिकचा आणखी एक प्रकार आहे त्यात व्हॉल्व्हच नसतो, तेलातच लोखंडाचे बारीक कण, कॉइलमध्ये करंट सोडला की चुंबकाने कण रांगेत उभे राहतात आणि तेल घट्ट होतं. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये हे पहिल्यांदा आलं. आणि २०१३ ची मर्सिडीज एस-क्लास तर कॅमेऱ्याने पुढचा रस्ता वाचून उंचवटा यायच्या आधीच तयारी करायची. आपल्या पांदण रस्त्यावर आणली तर तो कॅमेरा काय वाचेल कोण जाणे, पहिले बैलगाडीची चाकोरीच वाचावी लागेल त्याला.

अशा गाडीत मात्र मोडचं बटण खरंच शॉकअपशी बोलतं. कम्फर्टमध्ये मऊ, स्पोर्टमध्ये कडक, आणि बहुतेक वेळा दोन्हींच्या आत कॉम्प्युटर स्वतः कमीजास्त करत राहतो. पण एक लक्षात ठेवा, सात माणसं आणि वर तुरीची दोन पोती टाकली तर हे शॉकअप मागची बसलेली गाडी वर उचलत नाहीत. ते काम हवेच्या स्प्रिंगवाल्या महाग गाड्यांचं. आणि हे इलेक्ट्रॉनिक शॉकअप गळायला लागले तर साध्याच्या किती तरी पट पैसे लागतात, पार्ट पण तालुक्याला मिळत नाही, नागपूर गाठा. वॉरंटी संपल्यावर जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे पहिले बघायचं. शॉकअपच्या नळीवर हात फिरवा, कोरडी धूळ असेल तर बरं, तेलकट चिकट थर असून त्यावर धूळ बसली असेल तर तो गेला.

आता मड मोडबद्दल, कारण जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या भरवशावर लोक शेतात गाड्या घालतात. पुढच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीत मड मोड टाकला म्हणून ती फोर बाय फोर होत नाही. तो एवढंच करतो की चाक फिरलं तरी लगेच इंजिन दाबत नाही, आणि जे चाक नुसतंच गरगरतं त्याला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे पाठवतो. मुरमाच्या चिखलात किंवा पाण्याच्या डबक्यात मस्त काम करतो. पण काळ्या मातीचा गारा वेगळा, तो टायरच्या खाचांत भरून बसतो, दोन पलट्यांत टायर गुळगुळीत गोटा होतो, मडगार्डमध्ये माती ठासून चाक अडायला लागतं. रोडचे टायर असतील तर तिथे फोर बाय फोर पण हात टेकते, शेवटी ट्रॅक्टर आणि सोल, म्हणजे ओढायचा जाड दोर, हाच मोड.

नवीन घेणाऱ्यांनी माझं ऐकायचं असेल तर मोड मोजण्यापेक्षा चाकाचा साइज बघा. १८-१९ इंचाचे अलॉय दिसायला भारी, पण टायरची भिंत पातळ, खड्ड्यात धक्का आधी रिमला आणि मग तुमच्या मणक्याला. त्याच गाडीचं १७ इंचाचं मॉडेल आपल्याकडे जास्त आरामात चालतं. हवा ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर बघून भरा, तिथे भरल्या गाडीचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, पंक्चरवाला मनाने सरसकट ३५-४० मारतो आणि मग आपण सस्पेन्शनला शिव्या घालतो. टेस्ट ड्राइव्ह घेताना सेल्समन बायपासच्या सिमेंट रोडवर नेईल, त्याला म्हणा खराब रस्त्यावर घे, मागे तीन माणसं बसव. आणि सरळ विचारा, या बटणाने शॉकअप बदलतो का नाही बदलत. चुलतभावाने मी सांगितल्यावर शोरूमला फोन करून विचारलं, तिकडून उत्तर आलं, "सर, फील बदलतो." आता फोन ठेवल्यापासून तो मलाच म्हणतो, पाह्य, मी काय म्हनत होतो.