एथिक्स कमिटी आणि ‘पतीची स्वाक्षरी’: माझा अनुभव

माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीचं मंजुरीचं पत्र हातात पडून वर्ष होत आलं, पण कमिटीने संमतीपत्रात घालायला सांगितलेल्या एका ओळीचा राग अजून गेलेला नाही. ‘सहभागी महिला विवाहित असल्यास पतीची स्वाक्षरी आवश्यक.’ ही ओळ काढून घ्यायला मला पाच महिने लागले. बाळंतिणींवर किंवा लहान मुलांवर अभ्यास करायचा विचार असेल, तर अर्ज भरण्याआधी हे वाचा.

माझा पीएचडीचा विषय साधा आहे. नागपुरात भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाजवळच्या वस्त्यांमध्ये जन्मलेली बाळं आणि तिथून ऑटोने वीस मिनिटांवरच्या पक्क्या कॉलनीतली बाळं, यांच्या जन्माच्या वजनात फरक किती आणि कशामुळे. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात. आईचं हिमोग्लोबिन किती होतं, कितव्या महिन्यापर्यंत कामावर गेली, पाणी कुठून भरते, गरोदर बायांसाठीच्या सरकारी मातृवंदना योजनेचे पैसे मिळाले का, असे माझे प्रश्न. सुई टोचायची नव्हती, औषध द्यायचं नव्हतं. बोलायचं आणि माता-बाल संरक्षण कार्डावरच्या नोंदी उतरवायच्या, एवढंच.

विषय ठरला, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा पास झाला, गाइड सरांनी सही केली. गाडी अडली ती एथिक्स कमिटीत. कोणत्या संस्थेची ते लिहीत नाही. बैठक दोन महिन्यांतून एकदा. तेरा प्रती, प्रत्येकीला मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र जोडलेलं. माझं सादरीकरण सात मिनिटांत आटोपलं. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, ‘घरी न सांगता सुनेने उत्तरं दिली आणि त्यावरून भांडण झालं तर जबाबदार कोण?’ काळजी खरी होती. मी उत्तर द्यायला लागले, तेवढ्यात पुढच्या विद्यार्थ्याचं नाव पुकारलं गेलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. हरकती दोन. पहिली अठराच्या आतल्या मातांबद्दल, आणि ती योग्यच होती. त्यांच्यासाठी पालकांची संमती लागते, शिवाय पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवण्याचं बंधन येतं. महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. म्हणजे सगळ्यात कोवळ्या आया माझ्या अभ्यासातून गळणार, हे मला दिसत होतं. तरीही मी वयाची अट घातली. ती रुखरुख अजून आहे.

दुसरी हरकत पतीच्या सहीची.

आधी मला वाटलं, घेऊ सही, काय बिघडतं? गाइड सरही म्हणाले, ‘वाद नको, वर्ष वाया जाईल.’ मी नवं संमतीपत्र छापलं आणि त्यातली भाषा कळते का, एवढंच बघायला वस्तीतल्या आशाताईंकडे नेलं. त्या अंगणवाडीच्या ओट्यावर बसल्या होत्या. बोट ठेवून एकेक ओळ वाचत शेवटच्या रकान्यावर आल्या आणि थांबल्या. मग आपली वही उघडून त्यांनी नावांवर पेन फिरवायला सुरुवात केली. ‘हिचा नवरा ट्रकवर राहते, दोन-दोन महिने येत नाही. हिला सोडून गेला. ही माहेरी आली, पोटुशी होती तेव्हाच. हिचा घरी आहे, पण सही मागाल तर म्हणन, पैसे किती देता? सांगा मॅडम, सही कोठून आणाची?’ वहीच्या एका पानावर चौदा नावं होती, त्यातल्या सहांवर खूण झाली.

तिथेच माझं ठरलं. मी विषमतेवर काम करते. ज्यांचं हिमोग्लोबिन सगळ्यात खाली, ज्या नवव्या महिन्यातही कचरा निवडायला जातात, त्याच बाया या एका रकान्यामुळे बाहेर राहणार. ज्यांचं घर धड आहे, त्या उरणार. मग दोन वस्त्यांतला फरक कागदावर कमी दिसेल आणि तो आकडा माझ्या नावाने छापला जाईल. असला अभ्यास मला करायचाच नव्हता.

उत्तर लिहायला दहा दिवस लागले. तुम्हालाही अशी हरकत आली तर उपयोगी पडावं म्हणून सांगते. सीऑम्स या आंतरराष्ट्रीय संस्थेची आरोग्य संशोधनासाठीची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यातलं अठरावं तत्त्व म्हणतं की, बाईच्या सहभागासाठी तिचीच संमती लागते आणि दुसऱ्या कुणाची परवानगी तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. हे मी जोडलं. आणि एक आपल्या घरचं उदाहरण दिलं. २०१७ साली सुरू झालेल्या मातृवंदना योजनेत आधी पतीचं आधार लागायचं. २०२२ च्या नव्या नियमांत ती अट काढली, एकट्या आणि टाकलेल्या बायांनाही लाभ मिळावा म्हणून. सरकारी योजनेने सोडलेली अट आपण प्रश्नावलीला का लावावी, असं सरळ विचारलं. भांडणाच्या काळजीवरही उपाय लिहिला: मुलाखत कुठे घ्यायची ते बाई ठरवेल, मधे कुणी आलं तर विषय बदलायचा, आणि संमतीपत्राची प्रत घरी न्यायची नसेल तर ती आम्ही कुलपात ठेवू.

पुढची बैठक मे महिन्यात होती. पारा पंचेचाळीसच्या वर. सकाळी दहापासून मी व्हरांड्यातल्या बाकावर फाइल घेऊन बसले. दुपारी एकला शिपाईदादा बाहेर आले: कोरम भरला नाही. संस्थेबाहेरचा किमान एक सदस्य हजर लागतो आणि ते आले नव्हते. ‘आता पुढच्या मिटिंगले पाहू, मॅडम.’ म्हणजे जुलै. त्या दिवशी मी बर्डीपर्यंत पायी आले, इतकी चिडले होते. जूनमध्ये आशाताईंचा फोन यायचा, हिची डिलिव्हरी झाली, तिची झाली. मी नुसती ऐकत होते. मंजुरीच्या पत्रावरच्या तारखेआधी घेतलेली एकही मुलाखत धरता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

जुलैत कमिटीवरच्या वकील बाईंनी माझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, ‘अठरा वर्षांची बाई मत देते, मग उत्तर का देऊ शकत नाही?’ ओळ खोडली गेली. मी बाहेर येऊन घरी फोन केला तेव्हा आवाज फुटत नव्हता.

राहिलेलं सांगते. माहितीपत्रकावर तुमच्याबरोबर कमिटीच्या सदस्य सचिवांचा नंबर लागतो, माझा एक फेरा त्यातच गेला. वाचता न येणाऱ्या बाईच्या अंगठ्याला निःपक्ष साक्षीदार लागतो. तुमच्या टीममधली व्यक्ती चालत नाही, म्हणून आधीच कुणाला तरी विचारून ठेवा. कार्डावरचं वजन जसंच्या तसं घेऊ नका. नेमकं ‘२.५’ फार ठिकाणी दिसतं, बाळ काट्यावर ठेवलं होतं का ते आईला विचारा. सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचा, प्रश्न घाला, विदर्भात तो सोडून चालत नाही. वस्तीत टँकरच्या वेळी जाऊ नका, कुणी बोलायला थांबत नाही.

पहिल्या दिवशी अकरा संमतीपत्रं झाली, सात सह्या आणि चार अंगठे. ट्रकवाल्याच्या बायकोने सही केली आणि विचारलं, ‘अजून कोणाची लागते?’ मी म्हटलं, ‘नाही ताई, तुमचीच.’ तिने बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, ‘मंग विचारा.’