31 मार्चचं एक देयक

कोषागार म्हटलं की लोकांना नोटांनी भरलेल्या तिजोऱ्या दिसतात. मी जिल्हा कोषागार अधिकारी असताना घरी येणारे पाहुणे हमखास विचारायचे, "रोज किती पैसा हाताखालून जातो हो?" हातात नोट एकही येत नाही. रोकडीचं काम बँक बघते. आमच्या दृढकक्षात, म्हणजे स्ट्राँगरूममध्ये, मुद्रांक असतात, तेही दोन किल्ल्यांच्या कुलपात. माझी सत्ता काय ती देयकावरच्या सहीपुरती. मार्चमध्ये ती सही न करण्यापुरती.

त्या 31 मार्चलाही नेहमीसारखा जिना माणसांनी भरलेला. वर्षाचं अनुदान त्या दिवशी खर्ची पडलं नाही तर व्यपगत होतं, म्हणजे बुडतं, आणि वरून ते सुटतं मात्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. बीम्सवर, म्हणजे सरकारी निधीवाटपाच्या संगणकप्रणालीवर, दुपारपर्यंत तरतुदी उतरत होत्या. मग घाईचा दोष खालच्यांच्या माथी.

रात्री साडेनऊच्या सुमारास एका खात्याचे आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे खात्याच्या वतीनं कोषागारातून पैसे काढणारे अधिकारी, यंत्रसामग्रीचं देयक घेऊन आले. रक्कम मोठी. प्रशासकीय मंजुरी, पुरवठा आदेश, बीजक, साठा नोंदवहीचं प्रमाणपत्र, सगळं जागच्या जागी. आमच्या उपलेखापाल बाई काही बोलल्या नाहीत. माल पोचवल्याच्या चलनावर पेन्सिलीनं एक टिंब करून देयक माझ्यापुढे सरकवलं. टिंबाशेजारी वाहन क्रमांकाचा रकाना कोरा. पुरवठा आदेश 29 मार्चचा, पुरवठादार कोइमतूरचा आणि माल पोचल्याची तारीख 31.

"यंत्रं उतरली का?"

"वाटेत आहेत साहेब."

"मग साठ्याला नोंद कशी?"

"करून ठेवली. निधी गेला तर पुन्हा कोण देणार?"

केवळ अनुदान बुडू नये म्हणून कोषागारातून पैसे काढता येत नाहीत, हे त्यांनाही पाठ होतं. तेवढ्यात फोन सुरू झाले. आधी त्यांच्या वरिष्ठांचा, मग त्याहून वरचा. "जिल्ह्याचं काम आहे, मार्ग काढा." मी म्हटलं, "लेखी आदेश द्या, आक्षेपासह देयकाला जोडतो." त्यानंतर फोन आला नाही. लेखी हा शब्द आमच्याकडे फार गुणकारी.

त्या गृहस्थांना मी चहा पाजला. खोटं प्रमाणपत्र दिलं होतं खरं, पण खिशात घालायला आलेला माणूस नव्हता तो. जूनपासून मागणी करत होता आणि पैसे मिळाले 28 मार्चला. आक्षेपपत्राची पोच सही करताना म्हणाले, "गेले पैसे, साहेब. तुमच्या एका टिंबापायी." मी गप्प बसलो. यंत्रांची गरज खरी होती, हे मलाही माहीत होतं. पण गरज तपासणं माझं काम नव्हे; माल न येता आला म्हणणाऱ्या कागदावर पैसे सोडले, तर पुढच्या वर्षी तसला कागद आणखी दहा जण आणतील.

यंत्रं मे महिन्यात उतरली. पैसे मात्र पावसाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागणीतून मिळाले. मधले महिने पुरवठादार त्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहिला. एकदा त्यानं मलाही फोन केला, हिंदीतून, अगदी काकुळतीला येऊन. देयक माझ्याकडे नव्हतंच. "संबंधित कार्यालयाकडे विचारा," एवढंच मला सांगता आलं.