हॅमची आपत्तीपेटी : आधी बॅटरी, वायर, अँटेना; सेट शेवटी

हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारे, वीज आणि मोबाइल बंद पडल्यावर संपर्कासाठी रेडिओची जी पेटी तयार ठेवतात ती आपत्तीपेटी. तिचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "सेट कुठला घेऊ?" पण ऐनवेळी सेट क्वचितच दगा देतो. दगा देते ती बॅटरी, ढिला लग (वायरच्या टोकाची धातूची कडी), पाणी शिरलेली केबल, नाहीतर घरी राहिलेला माइक. म्हणून बजेटचं गणित उलट मांडा. जुना, सेकंडहँड, २५ ते ५० वॉटचा टू मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) मोबाइल, म्हणजे गाडीत बसवायचा, सेट पुरे आहे. हे सगळं अर्थातच हॅम लायसन्स असलेल्यांसाठी. ऑनलाइन मिळणारा स्वस्त हँडी (हातात धरायचा सेट) विनालायसन्स पेटीत टाकून ठेवणं बेकायदाच.

बॅटरी १२.८ व्होल्ट, २० एएच (अँपिअर-तास) लिथियम फेरोफॉस्फेट घ्या. यूपीएसमधली ७ एएचची लेड-ॲसिड स्वस्त पडते, पण तिच्यावर छापलेली क्षमता वीस तासांत हळूहळू उतरवली तरची असते, म्हणजे जेमतेम ०.३५ अँपिअरने. सेट प्रक्षेपणाला ५-१० अँपिअर ओढायला लागला की ती बसते. हिशेब असा : २५ वॉटवर अंदाजे ५ अँपिअर, नुसतं ऐकताना ०.४. तासात सहा मिनिटं बोललात तर ०.५ अधिक ०.३६, म्हणजे ०.८६ एएच. २० एएचमधले १६ वापरायचे धरले तर अठरा तास निघतात. पॅकचं बीएमएस (बॅटरीचं संरक्षण करणारं सर्किट) मात्र सेटच्या कमाल करंटच्या दीडपट तरी हवं. ते तोकडं पडलं तर पूर्ण पॉवरवर पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं माइकचं बटण) दाबताक्षणी पॅक स्वतःच पुरवठा तोडतो, आणि तुम्ही सेटवर संशय घेत बसता.

पीटीटी दाबला की सेट बंद आणि सोडला की चालू, या लक्षणाचं दुसरं कारण बारीक वायर. बहुतेक मोबाइल सेट १३.८ व्होल्टला बनवलेले असतात आणि ११.७ च्या खाली कुरकुरतात. बॅटरीपासून सेट दोन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन चार मीटर तांबं होतं. ०.७५ चौरस मिमीच्या वायरमध्ये १० अँपिअरला जवळपास १ व्होल्ट गळतो, २.५ चौरस मिमीमध्ये ०.३. फ्यूज, कनेक्टर, स्विच यांची गळती त्यावर आणखी. तेव्हा २.५ च्या खाली जाऊच नका. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टर्मिनललगत बसवा, सेटच्या टोकाला नाही. मधली वायर घासून शॉर्ट झाली तर जळणार तीच. कनेक्टरला एक्सटी-६० चालतो. बॅटरीच्या बाजूला फीमेल लावा, म्हणजे उघडी पिन कुठे टेकणार नाही.

अँटेना घरी बनवा, कारण मोडली तर तीच दुरुस्त करता येते. अँटेना केबल जोडायचं चार भोकांचं एसओ-२३९ सॉकेट, मधल्या पिनला सोल्डर केलेली पितळी काडी आणि चार भोकांत एम-३ स्क्रूने लग लावून चार रेडियल (खालच्या काड्या). १४५ मेगाहर्ट्झला उभी काडी ४९ सेंमी, रेडियल ५२ सेंमी, ४५ अंशांत खाली वाकवलेले. आडवे ठेवलेत तर इंपीडन्स (अँटेनाचा रोध) सेटला हव्या असलेल्या ५० ओहमच्या बराच खाली राहतो. काडी आधी ५१ सेंमी कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप, कमी तितकं बरं) बघत ३-३ मिमी छाटत जा. १४४ ला एसडब्ल्यूआर कमी आणि १४६ ला जास्त म्हणजे काडी अजून लांब आहे. पितळेला सोल्डर धरत नसेल तर आधी सँडपेपर मारा. केबल मात्र बेताची ठेवा : १० मीटर लांब आरजी-५८ (बारीक अँटेना केबल) या बँडला साधारण २ डीबी खाते, २५ वॉटमधले १६ वर पोचतात.

कोकणात नुसत्या व्हीएचएफवर (टू मीटर ज्यात येतो त्या पट्ट्यावर) भागत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पूर आला तेव्हा वीजही गेली आणि मोबाइलही. चिपळूण आणि कराडच्या मध्ये कुंभार्ली घाट आहे. रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) बंद पडला की टू मीटरचा सिग्नल डोंगरापाशीच संपतो. तिथे एचएफचा, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचा, ४० मीटर बँड लागतो. ७.११० मेगाहर्ट्झसाठी डायपोलची (मधून दोन बाजूंना ताणलेल्या तारांच्या अँटेनाची) प्रत्येक बाजू १०.३ मीटर कापा आणि छाटत १०.०५ च्या आसपास आणा. आणि हो, तो उंच बांधायचा नाही! मधला भाग चार-पाच मीटरवर पुरतो. सिग्नल जवळजवळ सरळ वर जाऊन आयनावरणातून खाली येतो, त्यामुळे दिवसा तीनेकशे किलोमीटरचा परिसर घाट ओलांडून भरून निघतो. अंधार पडल्यावर जवळची स्टेशनं नाहीशी होतात, सेट बिघडलेला नसतो. तेव्हा ८० मीटरवर जायचं, म्हणून १९.९ मीटरच्या दोन तारा वेगळ्या गुंडाळून ठेवा. एचएफचा १०० वॉटचा सेट २० अँपिअर ओढतो. त्याला वेगळी बॅटरी, जाड वायर आणि २५ अँपिअरचा फ्यूज द्या, आणि २५-३० वॉटवरच चालवा.

मोबाइल चार्जिंगसाठी पेटीत यूएसबी कन्व्हर्टर बसवायचा मोह होतो. स्वस्तातला कन्व्हर्टर ४० मीटरवर इतका खरखराट करतो की कमकुवत स्टेशन ऐकूच येत नाही. त्याला स्वतंत्र स्विच हवाच. सोलर पॅनलवर पुरात भिस्त ठेवू नका; ५० वॉटचं पॅनल जुलैच्या आभाळात नावापुरतंच.

पावसात केबलच्या पीएल-२५९ प्लगच्या सांध्यावर आधी सेल्फ-अमालगमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप, वरून साधी इन्सुलेशन टेप. केबल खिडकीतून आत येण्याआधी खाली झोळ द्या, पाणी तिथून गळून जातं. पाणी शिरलेल्या केबलची जाळी काळी पडते. अशी केबल वाळवून भागत नाही, कापून टाकावी लागते. पेटी बंद ठेवून प्रक्षेपण करू नका, एफएमवर सेट तापून स्वतःच पॉवर उतरवतो.

लिथियम पॅक अर्धा भरून ठेवला तर जास्त वर्षं टिकतो, हे खरं. पण या पेटीतला पॅक भरलेलाच हवा, आयुष्य थोडं घटलं तरी चालेल. महिन्यातून एकदा घरची वीज न वापरता, पेटीतल्याच वस्तूंवर स्थानिक नेटला (हॅम ठरलेल्या वेळी रेडिओवर भेटतात त्याला) हजेरी लावा. जे घरातून आणावं लागलं ते पेटीत कायमचं जातं. बहुतेकांच्या बाबतीत ते निघतं जादा फ्यूज, हेडफोन, डोक्याला बांधायचा टॉर्च आणि पेन्सिल. दमट कागदावर बॉलपेन अडखळतो.