लॅपटॉप की हार्डवेअर: स्टेजसाठी सिंथ लावताना

ठाणे-नवी मुंबईत ऑर्केस्ट्रा, भावगीतांचे कार्यक्रम आणि नवरात्रातला गरबा वाजवायचा तर प्रश्न ठरलेला असतो: सिंथचं (सिंथेसायझरचं, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या कीबोर्डचं) वेगळं यंत्र न्यायचं, की लॅपटॉपवर प्लगइन (सिंथचं सॉफ्टवेअर) चालवून समोर नुसता मिडी कंट्रोलर (स्वतः आवाज न करता कोणता स्वर दाबला ते लॅपटॉपला कळवणारा कीबोर्ड) ठेवायचा? मी दोन्ही संच शेजारी लावले, तीच गाणी दोन्हींवर वाजवली आणि मग ठरवलं. आवाजावर निर्णय होईल असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात निर्णय लेटन्सी (की दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर), वीज आणि पट्टी यांवर होतो.

तरी आवाजापासून सुरुवात करू. तुलनेआधी दोन्ही आवाज मीटरवर एकाच पातळीला आणा. एका डेसिबलने मोठा असलेला आवाजही कानाला जास्त भरीव लागतो. पातळी जुळवली की डिजिटल यंत्र आणि प्लगइन यांच्यात मुळात वेगळं असं फारसं उरत नाही, कारण दोन्हीकडे आकडेमोडच चालते. यामाहाचा 1983 चा डीएक्स7 सहा ऑपरेटर (एकमेकांना बदलणारे स्वरजनक) आणि 32 अल्गोरिदमवर (ते जोडण्याच्या रचनांवर) चालतो. डेक्स्ड हा मोफत प्लगइन तेच गणित करतो, आणि डीएक्स7 ची 32 आवाजांची, 4,104 बाइटची सिसेक्स फाइलही (यंत्रातले आवाज साठवणारी मिडी फाइल) उघडतो. अॅनालॉगची, म्हणजे आकडेमोडीऐवजी प्रत्यक्ष सर्किटमधून आवाज काढणाऱ्या सिंथची, गोष्ट वेगळी. त्याचा फिल्टर हाताने फिरवताना जो गोडवा येतो तो मला आजही यंत्रातच हवा असतो. पण कॉर्गच्या मिनिलॉग या अॅनालॉग सिंथला व्हॉइस चारच, म्हणजे एका वेळी चारच स्वर. डाव्या हाताने तीन स्वरांचा कॉर्ड धरून उजव्याने धून वाजवली, आणि रिलीज (की सोडल्यावर स्वर विरायचा वेळ) दोन सेकंदांचा असला, तर धूनीचा दुसरा स्वर येताच आधीच्या स्वराची शेपटी तुटते. म्हणून अॅनालॉग यंत्र बेस आणि लीडला (मुख्य धूनीला), पॅड (मागे लांब पसरणारे आवाज) मात्र प्लगइनवर किंवा डिजिटल यंत्रावर.

लॅपटॉपवर सगळ्यात जास्त वेळ लेटन्सीला द्यावा लागतो. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणाऱ्या पेटीचा) स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हरच वापरावा. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर (आवाजाचा एका वेळी तयार होणारा तुकडा) म्हणजे 2.7 मिलिसेकंद, 256 चा 5.3, आणि 512 चा 10.7. ड्रायव्हर राउंड ट्रिपचा (आवाज आत येऊन बाहेर जाईपर्यंतचा) आकडाही दाखवतो, पण तो माइक आणि गिटारवाल्यांसाठी. सिंथला फक्त आउटपुट लेटन्सी लागू होते. त्यात मॉनिटरचं (स्टेजवरच्या स्पीकरचं) अंतरही धरा: आवाजाला एक मीटर यायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. मॉनिटर दोन मीटरवर आणि बफर 512 चा असेल, तर ढोलकीच्या ठेक्यावर स्टॅकॅटो वाजवताना हात मागे पडल्यासारखा वाटतो. मी 128 वर ठेवतो.

128 वर आवाज तडतडला की लोक प्रोसेसरला दोष देतात. बऱ्याचदा दोष वायफायच्या किंवा ब्लूटूथच्या ड्रायव्हरचा असतो. लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवलं की कोणता ड्रायव्हर अडवतोय ते दिसतं. स्टेजवर फ्लाइट मोड लावावा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवावा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावं. बॅटरीवर अनेक लॅपटॉप प्रोसेसरचा वेग उतरवतात, म्हणून चार्जर लावलेलाच हवा.

आणि चार्जर लावला की बहुधा गुणगुण सुरू होते. क्षणभर चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंगचा दोन वाटांनी वेढा झालाय. सोपा उपाय: इंटरफेस आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जोडणारी पेटी) लावून ग्राउंड लिफ्ट (ऑडिओ केबलमधली अर्थिंगची वाट तोडणारं बटण) दाबायचं. प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे भेटतात. ते जिवावर बेतू शकतं. हार्डवेअरमध्ये ही गुणगुण सहसा नसते, पण कीबोर्डचा प्लग आणि मिक्सरचा प्लग वेगवेगळ्या लाइनवर असतील तर 50 हर्ट्झची घुमी येते. गडकरी रंगायतन असो, वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह असो वा मैदानातला मंडप, साउंडवाल्याकडून मिक्सरच्याच लाइनवरचा बोर्ड मागून घ्यावा. लाइट डिमरच्या लाइनला तर हात लावूच नये.

पट्टीच्या बाबतीत हार्डवेअर सरळ जिंकतं. गायिकेने ऐनवेळी काळी एकऐवजी पांढरी दोन मागितली, की ट्रान्सपोझचं बटण एकदा दाबलं आणि झालं. लॅपटॉपवर हेच काम प्लगइनच्या आधी मिडी ट्रान्सपोझ ठेवून, ते कंट्रोलरच्या बटणाला जोडून करावं लागतं. स्वर दाबलेला असताना पट्टी बदलली, तर नोट-ऑफ (स्वर थांबवण्याचा संदेश) दुसऱ्याच नंबरला जातो आणि पहिला स्वर वाजतच राहतो. म्हणून दोन्ही हात उचलूनच बदल करावा, आणि कंट्रोलरच्या एका पॅडला (बटणाला) सीसी 123 हा मिडी संदेश, म्हणजे ऑल नोट्स ऑफ, लावून ठेवावा. मींडेसाठी पिच बेंडची (स्वर वरखाली सरकवणाऱ्या चाकाची) रेंज मी दोनवरून पाच सेमिटोनवर नेतो. मिडीत बेंडच्या 16,384 पायऱ्या असतात, पण काही स्वस्त कंट्रोलर 128 च पाठवतात. मग मींड घसरत न जाता पायऱ्या उतरल्यासारखी वाजते. कंट्रोलर घेताना हे दुकानातच वाजवून पाहा.

यावरून मी असं ठरवलं: स्टेजवर डिजिटल हार्डवेअर मुख्य, आणि लॅपटॉप दोन-तीन खास आवाजांपुरता, वेगळ्या डीआयवर. लॅपटॉप अडकला तरी गाणं चालू राहतं. घरी आवाज घडवताना मात्र लॅपटॉपला तोड नाही. सगळे नॉब स्क्रीनवर दिसतात आणि प्रत्येक गाण्याची अवस्था जशीच्या तशी साठवता येते.

घडवलेला आवाज यंत्रात नेण्यासाठी मी त्याचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले स्वर) काढतो. 61 कळांच्या कीबोर्डसाठी दर तीन सेमिटोनला एक, म्हणजे 21 स्वर. प्रत्येक स्वर हलका, मध्यम आणि जोराचा, म्हणून 63 फाइली. प्रत्येकी चार सेकंद, 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ स्टिरिओ धरलं तर साधारण 44 एमबी होतात. यामाहाच्या एमओडीएक्स सिंथमध्ये अशा सॅम्पलसाठी 1 जीबी जागा आहे. लूपची (स्वर लांबवायला पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या भागाची) जागा शून्य रेषेवर नसेल तर दर फेरीला टक्‌ असा आवाज येतो, आणि रिव्हर्ब (घुमार) प्लगइनमध्येच चालू ठेवून रेकॉर्ड केलं तर कॉर्डमध्ये चिखल होतो. रिव्हर्ब बंद करून रेकॉर्ड करावं, तो यंत्रात लावावा.

या वेव्ह फाइली मी वेगळ्या डिस्कवरही ठेवतो. 2019 मध्ये मॅकओएस कॅटालिना आली आणि 32 बिटचे सगळे प्लगइन तिच्यावर बंद पडले. जुन्या यंत्रांतही मेमरी सांभाळणारा सेल संपला की आवाज पुसले जातात. तो बदलण्याआधी सिसेक्स डंप (आवाजांची प्रत) घ्यावा लागतो. गणपती ते नवरात्र या काळात लॅपटॉपवर कोणताही अपडेट घेऊ नका.