बारीपाड्याचा विकास कोणी ठरवला?

आमच्याकडे विकास म्हटला की लोक लगेच एमआयडीसी, हायवे, कुठला मंत्री आला एवढंच बोलतात, पण धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात बारीपाडा म्हणून कोकणा आदिवासींचं छोटं गाव आहे ना, तिथं आधी जंगल उघडंबोडकं झालेलं, बायाबापड्यांची पाण्यासाठी वणवण, मग गावातलेच चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी मिळून नियम केले की झाड तोडलं तर दंड, आणि दंड म्हणजे दंड, भाऊबंद असला तरी! जंगल परत आलं तसं विहिरींना पाणी आलं, भातशेती सुधारली, पैसाही गावात फिरायला लागला. २००४ पासून वनभाज्यांची स्पर्धा भरते, बाया रानातल्या भाज्या रांधून मांडतात, कुठली कशी शिजवायची ते विचारा, सगळं तोंडपाठ. चैत्रामभाऊंना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली, बरं वाटलं.

कायदा पण आहे बरं का. १९९६ चा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा), २००६ चा वनहक्क कायदा, म्हणजे तेंदूपत्ता, मोहफुलं असल्या वनोपजाचा हक्क ग्रामसभेचा. पण कागदावर हक्क असून काय, ग्रामसभेला कोरम भरत नाही आणि रजिस्टर सह्यांसाठी घरोघरी फिरतं, असली गावं आपल्या खान्देशात कमी नाहीत. बारीपाड्यात लोक बसतात, भांडतात पण बसतात.