टाकीखालचा लोखंडी स्टँड आणि थांबून राहणारे पाणी

माशांची टाकी घेताना आपण काचेची जाडी विचारतो, फिल्टरची क्षमता पाहतो, दिव्यांची तुलना करतो. परंतु ज्या लोखंडी स्टँडवर हा सगळा भार पुढची अनेक वर्षे उभा राहणार असतो, त्याला काळा रंग दिलेला दिसला की आपले समाधान होते. चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे २५० लिटर पाणी मावते; काच, वाळू आणि दगड धरले की एकूण वजन सहज ३०० किलोच्या पुढे जाते. एवढी टाकी रिकामी करून, मासे दुसरीकडे हलवून स्टँड नव्याने रंगवण्याचा खटाटोप सहसा कोणी करत नाही. म्हणूनच गंजापासूनच्या संरक्षणाचा मोठा भाग टाकी स्टँडवर ठेवण्यापूर्वीच उरकावा लागतो.

या विषयावर बोलणे निघाले की चर्चा लगेच रंगाकडे वळते. मला स्वतःला रंगाचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला प्रश्न असा की या स्टँडवर पाणी नेमके कुठे थांबून राहते. लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. उघड्या पाइपवर उडालेला थेंब थोड्या वेळात वाळून जातो आणि त्याने फारसे बिघडत नाही. पण प्लायवूड आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत शिरलेला ओलावा आठवडेच्या आठवडे तिथेच राहतो आणि गंज आपले काम कोणाच्याही नजरेस न पडता करत राहतो.

पाणी खाली येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. हिटरची वायर, फिल्टरची नळी, एअर पंपाची बारीक नळी ही सगळी मंडळी टाकीच्या मागच्या कडेवरून खाली उतरतात आणि झाकणाखाली जमलेली वाफ थेंबाथेंबाने त्यांच्यावरून ओघळत येते. बहुतेक स्टँडचा मागचा कोपरा आधी गंजतो तो याच कारणाने. टॉर्च घेऊन तिथे खालून पाहिले तर वायर जिथे फ्रेमला टेकते, नेमक्या त्याच ठिकाणी रंगावर तपकिरी ओघळ उमटलेला दिसतो. उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक वायर आणि नळी प्लगकडे किंवा पंपाकडे नेण्यापूर्वी एक झोळ देऊन खाली सोडावी, म्हणजे थेंब त्या झोळाच्या तळाशी येऊन खाली गळतो. वायर फ्रेमला घासणार नाही अशी क्लिपने धरून ठेवावी आणि झोळाखाली एखादा ट्रे ठेवावा. विजेच्या सुरक्षिततेसाठी तर हा झोळ हवाच. स्टँडसाठीही तो तितकाच उपयोगी आहे.

टाकीखालच्या प्लायवूडचेही तसेच. नुसते प्लाय फ्रेमवर ठेवले की त्याच्या उघड्या कडा पाणी शोषून घेतात आणि ओले प्लाय लोखंडाला चिकटून बसते. प्लायच्या चारही कडांना आणि खालच्या बाजूला आधी वॉटरप्रूफ रंगाचे किंवा इपॉक्सीचे दोन हात द्यावेत, आणि वर टाकीखाली अंथरायचा फोम पाणी न शोषणारा, म्हणजे बंद छिद्रांचा, निवडावा. स्पंजासारखा फोम तिथे मुळीच नको. प्लाय आणि फ्रेम यांच्यामधली फट सिलिकॉनने बुजवणार असाल तर एक गोष्ट आवर्जून पाहा. काचेची टाकी जोडण्याचे जे नेहमीचे सिलिकॉन असते, ते सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि उघड्या लोखंडाला ते बाधते. लोखंडावर न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन वापरावे, तेही रंग पूर्ण सुकल्यानंतर.

आता पाइपच्या आतल्या बाजूविषयी. बहुतेक स्टँड चौकोनी पाइपचे असतात आणि बाहेरून कितीही रंग दिला तरी आत कोरे लोखंडच राहते. पाइपची सगळी टोके वेल्डिंगने पूर्ण बंद केली असतील तर आत अडकलेला प्राणवायू संपला की गंज थांबतो आणि तो पाइप वर्षानुवर्षे टिकतो. खरा धोका अर्धवट बंद पाइपला असतो. वर स्क्रूसाठी पाडलेले भोक, टोकाला नुसते ठोकून बसवलेले प्लॅस्टिकचे बूच, वेल्डिंगमध्ये राहिलेले बारीक छिद्र, यांतून पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट नसल्यामुळे पायाच्या तळाशी साचते. पाइप एकतर हवाबंद असावा किंवा पायाच्या सर्वांत खालच्या भागात पाणी निघून जाण्यासाठी भोक असावे. मधला मार्ग घातक आहे. पाय थेट फरशीवर टेकवण्यापेक्षा खाली उंची जुळवता येणारे रबरी किंवा प्लॅस्टिकचे बूट लावले, तर रोज फरशी पुसतानाचे पाणी लोखंडाला लागत नाही. मात्र वाटीसारख्या खोलगट बुटांत पाणी साठते, त्यामुळे सपाट तळाचेच निवडावेत.

रंगकामात सर्वांत जास्त वेळ घासण्याला द्यावा. वेल्डिंगनंतर सांध्यावर राहिलेली खरपुडी आणि आजूबाजूला उडून चिकटलेले लोखंडाचे कण ग्राइंडरने आणि तारेच्या ब्रशने काढले नाहीत तर वरचा रंग त्यांच्यासकट पोपडा होऊन निघतो. नव्या पाइपवर तेलाचा पातळ थर असतो, तो थिनरने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून काढावा आणि फडके काळे यायचे थांबेपर्यंत बदलत राहावे. त्यानंतर ८० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पृष्ठभाग किंचित खरबरीत करावा, आणि त्याच दिवशी प्रायमर लावावा, कारण घासलेले लोखंड दमट हवेत एका रात्रीत पुन्हा तांबूस दिसू लागते.

रेड ऑक्साइड प्रायमर सर्रास वापरला जातो आणि कोरड्या जागी तो पुरतोही, पण एकट्या प्रायमरमधून ओलावा आत झिरपतो. वर इनॅमलचे दोन हात दिल्याखेरीज त्याच्यावर विसंबू नये. टाकीसाठी मी दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सी प्रायमरला आणि त्यावर पॉलियुरेथेन रंगाला पसंती देतो. कोणताही रंग असो, ओला असताना तो धारदार कडेवरून मागे सरकतो आणि कडेवर थर पातळ राहतो. म्हणून पूर्ण हात देण्यापूर्वी सगळ्या कडा आणि वेल्डिंगचे सांधे ब्रशने वेगळे रंगवून घ्यावेत. पावडर कोटिंग सपाट भागावर उत्तम बसते, पण ज्या विद्युत्भारामुळे पावडर धातूला चिकटते तोच तिला आतल्या कोपऱ्यात खोलवर जाऊ देत नाही. परिणामी सांध्यापाशीच थर पातळ पडतो, आणि एकदा तिथे चीर गेली की पाणी कोटिंगखालून पसरत जाते. कोटिंग करून घेतलेला स्टँड ताब्यात घेताना आतले कोपरे बोट फिरवून आणि उजेडात धरून तपासावेत.

समुद्री पाण्याच्या टाकीचे गणित निराळे आहे. त्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. थेंब वाळला तरी मीठ मागे राहते, ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि वरवर कोरडा दिसणारा पाइप प्रत्यक्षात दमटच राहतो. शिवाय क्लोराइडमुळे गंजण्याचा वेग वाढतो. अशा ठिकाणी ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडू लागतात. मॉलिब्डेनम असलेले ३१६ बरेच अधिक तग धरते. जस्ताचा मुलामा दिलेला स्टँड टाकीखाली चालतो, पण टाकीच्या वर, जिथून थेंब पुन्हा पाण्यात पडतील, तिथे जस्त किंवा तांबे नको, कारण कोळंबी आणि गोगलगायींना हे दोन्ही धातू अल्प प्रमाणातही घातक ठरतात. समुद्री टाकीच्या स्टँडवर चढलेली पांढरी पुटे दर आठवड्याला गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावीत. नुसत्या कोरड्या फडक्याने घासले तर मिठाचे कण रंगावर ओरखडे पाडतात.

खाली कपाट असेल तर त्याच्या मागच्या बाजूला हवा खेळायला जागा ठेवावी.

टाकी भरलेली असताना गंज दिसलाच, तर आधी त्याची खोली पाहावी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पाइपवर हलके ठोकत गेल्यास चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो आणि पोखरलेल्या भागाचा बद्द. गंजाचा थर मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे जाड पोपडा दिसतो तिथे धातू तेवढाच गेला असेल असे नाही. पण पोपडा काढल्यावर पाइप स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दबत असेल किंवा वेल्डिंगच्या सांध्यात चीर दिसत असेल, तर रंगाचा विचार सोडून टाकी रिकामी करावी. गंज वरवरचा असेल तर तो हाताने घासून काढावा. ग्राइंडर लावू नये, कारण त्याच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात. घासताना पडणारी भुकटी पाण्यात जाऊ नये म्हणून टाकीवर प्लॅस्टिक अंथरावे, आणि गंज बदलणारे फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण स्प्रेने न मारता छोट्या ब्रशने लावावे. रंगाच्या वेळी एअर पंपाकडे विशेष लक्ष हवे. तो खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे थिनरची वाफही माशांपर्यंत तोच पोचवतो. पंप लांब नळीने दुसऱ्या खोलीत किंवा खिडकीबाहेरच्या स्वच्छ हवेत ठेवावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि शक्य असेल तर पाण्यावर आधारित, कमी वासाचा धातूचा रंग निवडून एका वेळी तळहाताएवढाच भाग रंगवावा. वास पूर्ण गेल्यानंतरच पंप जागेवर आणावा.